बारीत नाव कुणाचं?

चैत्र लागला की आमच्या मावळात माणसांचे कान आपोआप भोंग्याकडे लागतात. कुठल्या ना कुठल्या गावच्या घाटातून निवेदकाचा आवाज वाऱ्यावर येतो, हलगी वाजते, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी उठते आणि दहा-बारा सेकंदांत खेळ संपतो. मी लोणावळ्यात कारकुनी करतो. आठवडाभर फायली आणि रविवारी विहारातला मुलांचा अभ्यासवर्ग, असे माझे दिवस जातात. बैलगाडा शर्यतीशी माझा संबंध म्हणाल तर एवढाच की, आंदर मावळातल्या माझ्या मामा-मामीच्या बैलाचा हिशेब २००७ सालापासून मी लिहीत आलो आहे. घरात बी.कॉम. झालेला मीच पहिला, म्हणून वही माझ्याकडे आली. आज त्या वहीतल्या आणि वहीत न मावलेल्या काही गोष्टी वाचक बंधू-भगिनींना सांगाव्यात असे वाटते.

ज्यांनी आमच्याकडची शर्यत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. साताऱ्या-सांगलीकडे गाड्यावर हाकणारा माणूस बसतो. आमच्या मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागात चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. पुढे दोन आणि मागे दोन असे चार बैल, त्यांच्यामागे हलका लाकडी गाडा. गाड्यावर माणूस नसतो. पुढे घोडीवर स्वार पळतो आणि बैल जिवाच्या आकांताने तिच्यामागे सुटतात. निशाण पडले की वेळ मोजतात. एका गाड्याच्या या पळण्याला बारी म्हणतात. चारही बैल एकाच मालकाचे असतील असे नाही. दोघा-तिघांचे बैल जुळवून एक गाडा होतो. भोंग्यावर नाव मात्र बहुधा ज्याचा गाडा त्याचे पुकारले जाते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढची सारी हकीकत त्याच्याभोवती फिरते.

माझ्या आजोबांच्या लहानपणी बैलाचा आणि आपल्या माणसाचा संबंध यायचा तो बैल मेल्यावर. गावात कुणाचे जनावर मेले की सांगावा यायचा आणि महारवाड्यातल्या माणसांनी दोर घेऊन जायचे. जिता बैल दुसऱ्याच्या दावणीला, मेलेला आमच्या खांद्यावर. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले, तो विचार आमच्या डोंगरकपारीत पोचायला वर्षे गेली. आजोबांनी दोर टाकला तो १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर. गावाने काही दिवस किराणा बंद केला. आजोबा रोज चालत बाजाराला जाऊन मीठ-मिरची आणत. ती गोष्ट ते आम्हा नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगायचे.

त्यामुळे २००७ साली मामाने सांगोल्याच्या बाजारातून खिल्लार जातीचा एक खोंड टेम्पोत घालून आणला तेव्हा आजोबा अंगणातून उठून आत गेले. मामा तेव्हा तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात हंगामी कामगार होता. मामी भातलावणीला आणि काढणीला मजुरीने जायची. खोंडाचे नऊ हजार रुपये झाले होते. त्यातले पाच हजार मामीच्या पायातल्या चांदीच्या तोड्यांवर उचललेले होते.

आजोबा रात्री जेवताना म्हणाले, “मेलेलं सोडलं तवा गाव बोललं. आता जित्याच्या मागं लागून त्यांच्या जत्रंत नाचणार हाईस व्हय?”

मामा म्हणाला, “आबा, मी देवळात जात न्हाई. मी घाटात जाणार. घाटात बैल पळतो, देव पळत न्हाई.”

मी त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा, चळवळीत नवा, तावातावाने बोलणारा. मलाही मामाचे पटले नव्हते. पोराच्या शिक्षणाला पैसा नाही आणि बैल कसला आणतोस, असे मी तोंडावर बोललो. मामा हसला आणि वही माझ्या हातात देऊन म्हणाला, “तू हिशेब ठेव. बुडालो की सांग.” खोंडाचे नाव ठेवले हरण्या. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिले : हरण्या, मालक अमुक अमुक. म्हणजे मामाचे नाव.

पण हरण्याला वाढवले कुणी? मामा पाळीवर गेला की बैल मामीचा. पहाटे उठून शेण काढायचे, गव्हाणीत कडबा टाकायचा, ओढ्यावर नेऊन पाणी पाजायचे. पावसाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. गोठ्यात ओल राहिली तर खुरे नासतात, म्हणून ती भाताचा पेंढा रोज बदलायची. गोमाश्या पळवायला संध्याकाळी निरगुडीच्या पाल्याचा धूर करायची. उन्हाळ्यात धरणाच्या फुगवट्याला नेऊन त्याला पोहायला लावायची. पोहण्याने बैलाचा दम वाढतो आणि पायावर भारही येत नाही, हे मला तिनेच सांगितले. उडदाचे पीठ, सरकीची पेंड आणि शर्यतीच्या आधी दूध-अंडी. घरातल्या पोरांना अंडे आठवड्यातून एकदा आणि बैलाला चार, यावरून तिची स्वतःची पोरे रुसायची. ती सगळ्यांत आधी पोरांना द्यायची, मग बैलाला. स्वतः कधी खाल्लेले मी पाहिले नाही.

हरण्या तिच्या हाकेला यायचा. काठी तिने कधी हातात धरली नाही. लांबून “आरं ये की रं” म्हणाली की चरता चरता मान वर करून यायचा. मामाने ओढले तर पाय रोवून उभा राहायचा. मामाला त्याचा राग यायचा आणि थोडी लाजही वाटायची.

एका वर्षावासात आमच्या विहारात भंतेजींनी नंदिविशाल जातक सांगितले होते. एका ब्राह्मणाचा नंदिविशाल नावाचा बैल होता. बैलाच्या सांगण्यावरून मालकाने पैज लावली की, माझा बैल भरलेल्या शंभर गाड्या ओढील. गाड्या जुंपल्या आणि ऐन वेळी मालकाने त्याला शिवी देऊन ‘चल’ म्हटले. बैल खांबासारखा उभा राहिला आणि पैज गेली. घरी आल्यावर बैलाने विचारले, मी कधी तुमचे नुकसान केले होते का? मग शिवी का दिली? दुसऱ्या खेपेला मालकाने दुप्पट पैज लावली, गोड शब्दांत हाक दिली आणि बैलाने शंभर गाड्या ओढल्या. बाहेर पडताना मी मामीला विचारले, “गोष्ट कशी वाटली?” ती म्हणाली, “खरी हाय. पर ह्यात नवीन काय?”

पहिली बारी २०१० च्या चैत्रात झाली. मामाचा एकच बैल, म्हणून तो एका मोठ्या गाडामालकाच्या तीन बैलांबरोबर जुंपला. गाडा चांगला पळाला. भोंग्यावर तीन वेळा नाव पुकारले ते गाडामालकाचे. मामा घाटाच्या कडेला टोपी उडवत होता. त्याचे नाव आले नाही याचे मला वाईट वाटले, पण त्याला वाटले नाही. “आपला बैल त्यांच्या गाड्याला लागला, हे काय थोडं झालं?” तो म्हणाला. ज्या गावात बापाला दोर घेऊन बोलवायचे, त्याच गावात आपला बैल पाटलांच्या बैलाच्या खांद्याला खांदा लावून पळाला, यात त्याला मान वाटला. त्याच्या जागी असतो तर मलाही वाटला असता. मामी बायकांच्या घोळक्यात लांब बांधावर उभी होती.

दुसऱ्या वर्षी, २०११ च्या हंगामात, त्याच गाड्याची बारी होती. बैल जुंपण्याच्या जागी एका पोराच्या हातात आखूड काठी होती आणि तिच्या टोकाला खिळा. मामीने बांधावरून ते पाहिले. त्या जागी बायका जात नाहीत. ती पदर खोचून तरातरा खाली उतरली. हरण्याच्या मांडीवरून रक्ताची बारीक धार निघाली होती. तिने कुणाला काही विचारले नाही. गळ्यातला दोर सोडवला, वेसण धरली आणि चालू लागली. तीन बैलांचा गाडा पळत नाही. बारी बाद झाली.

मग जे बोलणे झाले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाही. “म्हणून ह्यांना घेऊ नये,” हे वाक्य मात्र मी माझ्या कानांनी ऐकले. ‘ह्यांना’ म्हणजे कुणाला, हे सांगायची गरज नव्हती. मामा मान खाली घालून उभा होता. वर्षभराची त्याची कमाई बायकोने चार पावलांत घालवली, असे त्याला वाटले. घरी आल्यावर त्याने हात उगारला नाही, शिवीही दिली नाही, पण पंधरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

ती कोंडी फोडली आजोबांनी. चार वर्षांत त्या माणसाने गोठ्याकडे पाहिले नव्हते. एके सकाळी ते विळा घेऊन बांधावर गेले, ओला घास कापून आणला आणि थरथरत्या हातांनी हरण्याच्या पुढे टाकला. मग ओट्यावर येऊन बसले. मामा पाहत होता. त्या संध्याकाळी तो मामीशी बोलला. काय बोलला मला माहीत नाही. पण त्या गाड्याला पुन्हा त्याने बैल दिला नाही. पुढे आपल्यासारख्याच एक-दोन बैलवाल्या गरीब मालकांबरोबर तो गाडा जुळवू लागला. आजोबा २०१२ मध्ये गेले.

त्याच २०११ च्या जुलैत केंद्र सरकारने अधिसूचना काढून खेळात आणि प्रदर्शनात वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले. पुढे कधी बंद, कधी चालू असे होता होता ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. संविधानाच्या ५१ (क) या कलमात प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे, त्याचा आधार त्या निकालात होता. मामाने मला निकाल मराठीत समजावून सांगायला लावला. तो खवळला होता. “रेड्यागत राबवतात त्याला बंदी न्हाई आन् दहा सेकंद पळतो त्याला बंदी!” मामी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, “टोचणाऱ्यांची शिक्षा न टोचणाऱ्यांना झाली, ही गोष्ट खरी. पर टोचताना समदे गप्पच व्हते की.” मामा त्यावर काही बोलला नाही. दोन्ही बाजू ऐकल्यावर माझे मत विचाराल, तर मला मामीचे म्हणणे जास्त न्यायाचे वाटले.

बंदी आली आणि बैलांचे भाव पडले. पुढे मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला आणि म्हातारा बैल विकणे आणखी अवघड झाले. कितीतरी जणांनी मिळेल त्या भावात बैल काढून टाकले. मी वही घेऊन मामाकडे गेलो. “मामा, बुडालो की सांग म्हणाला होतास. आता सांगतो.” त्याने मामीकडे पाहिले. मामी म्हणाली, “पळत न्हाई म्हणून काढायचा व्हय? तुज्या मामाचा कारखाना बंद पडला तवा मी काढला का त्याला?” आम्ही सगळे हसलो आणि हरण्या राहिला. सात वर्षे सात महिने तो दावणीला उभा राहून खात होता. चिखलणीला कुणी भाड्याने नेला तर चार पैसे यायचे. वहीत त्या काळाचा खर्च १ लाख ८६ हजार आणि जमा ४ हजार २०० रुपये आहे. कारकुनाच्या नजरेने पाहिले तर हा वेडेपणा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत मी महिनाभर मामाकडे अडकलो. संध्याकाळी ओट्यावर बसून मोबाईलवर काहीबाही वाचायचो. एकदा उत्तर ध्रुवाजवळच्या अलास्कातल्या एका जोडप्याची हकीकत वाचनात आली. सुझन बुचर आणि तिचा नवरा डेव्हिड मॉन्सन. बर्फावरून घसरगाडी ओढणारी कुत्री पाळायची, शिकवायची आणि शर्यतीत उतरवायची, हा त्यांचा संसार. मी मोठ्याने वाचू लागलो.

“कुत्री गाडी वढतात?” मामा म्हणाला.

मी सांगितले, तिकडे सहा-सहा महिने बर्फ असतो. रस्ते नसतात. पूर्वी टपाल, औषधे, सामान सगळे कुत्र्यांच्या गाडीने जायचे. १९२५ साली नोम नावाच्या दूरच्या गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा कुत्र्यांच्या तुकड्यांनी हजार किलोमीटरांहून जास्त वाट साडेपाच दिवसांत तुडवून औषध पोचवले. हातोहात एकाने दुसऱ्याला दिले. १९७३ पासून तिथे इडिटारॉड नावाची शर्यत भरते. अँकरेजपासून नोमपर्यंत, सुमारे सोळाशे किलोमीटर. एका गाडीला बारा-चौदा कुत्री.

“सोळाशे!” मामा म्हणाला. “आपलं चारशे-पाचशे फूट.”

मामीचे प्रश्न वेगळे होते. “खायला काय घालतात?” मासे, मांस, चरबी. “पाय फुटत न्हाईत बर्फानं?” प्रत्येक पायाला कापडी मोजा घालतात. “दमली तर?” वाटेत ठिकठिकाणी जनावरांचे डॉक्टर तपासतात. एकदा सलग चोवीस तास थांबावेच लागते. जे कुत्रे दमले त्याला गाडीतून काढून मागे ठेवतात. “मंग बरं,” ती म्हणाली. मी हेही सांगितले की, तरी त्या शर्यतीत कुत्री मरतात आणि तिकडेही लोक त्याविरुद्ध आवाज उठवतात. ती म्हणाली, “उठवायलाच पायजे. न्हाईतर माणूस सुधारतो का?”

सुझन पिल्लू जन्मल्यापासून हातात घ्यायची, आपला वास आणि आवाज त्याच्या ओळखीचा व्हावा म्हणून. घरी शंभराहून जास्त कुत्री होती. १९८५ च्या शर्यतीत वाटेत एका दांडग्या मूसने तिच्या कुत्र्यांवर हल्ला केला. दोन मेली, बरीच जखमी झाली. पुढे होती तरी तिने शर्यत सोडली आणि जखमी कुत्र्यांना घेऊन माघारी आली. त्या वर्षी लिबी रिडल्स ही दुसरी बाई जिंकली, ती शर्यत जिंकणारी पहिली स्त्री. पुढे सुझन १९८६, १९८७, १९८८ आणि १९९० अशी चार वेळा जिंकली. नवरा डेव्हिड कमी नव्हता. १९८८ मध्ये युकॉन क्वेस्ट नावाची तेवढीच अवघड शर्यत त्याने जिंकली. सुझन २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने गेली. अलास्कात तिच्या नावाचा दिवस पाळतात.

मी वाचायचे थांबलो. मामी दोरीला पीळ देत होती. जखमी कुत्र्यांची गोष्ट आली तेव्हा तिचे हात थांबले होते. थोड्या वेळाने तिने विचारले, “तिकडं भोंग्यावर बाईचं नाव घेतात?”

“घेतात की. कुत्री तिची, गाडी तिची, नाव तिचं.”

ती काही बोलली नाही. पुन्हा दोरी वळू लागली. मामा मात्र बराच वेळ गोठ्याकडे पाहत बसला होता.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या २०१७ च्या कायद्यानुसार आणि नियमांनुसार शर्यतींना परवानगी दिली. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा कायम केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलाची डॉक्टरी तपासणी लागते. चाबूक, काठी, बॅटरी, टोचणी यांना मनाई आहे आणि मोडणाऱ्याला दंड व कैद आहे. हे सारे नियम सगळीकडे पाळले जातात असे मी म्हणणार नाही. पण निदान आता बोट ठेवायला कागद आहे.

मामाने जानेवारी २०२२ मध्ये नवा खोंड आणला. आता भाव चढले होते. ४१ हजार पडले. त्याचे नाव बादल. त्याच वर्षी पावसाळ्यात लंपी रोग आला. बादलला गाठी आल्या आणि मामीच्या शुश्रूषेने तो तगला. हरण्या सोळा वर्षांचा झाला होता, तो तगला नाही. भाद्रपदी पोळ्याच्या आठ दिवस आधी गेला.

लंपीचे जनावर खोल खड्ड्यात चुना-मीठ घालून पुरायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. जेसीबी आला, खड्डा झाला. गोठ्यापासून खड्ड्यापर्यंत बैल न्यायचा होता. मामाने दोर आणला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला. एवढ्यात गावातून चार माणसे आली. कुणी बोलावले नव्हते. त्यात ज्याच्या गाड्यातून मामीने बैल सोडवून आणला होता त्या मालकाचा मुलगाही होता. त्याने मामाच्या हातातून दोर घेतला आणि म्हणाला, “काका, तुमी ऱ्हाऊ द्या.” आमचा बैल गावातल्या माणसांनी ओढला. मामी रडत होती. मला आजोबांची आठवण झाली. गाव बदलले असे एका दोरावरून मी म्हणणार नाही, अजून पुष्कळ बदलायचे आहे. पण जे पाहिले ते लिहिले पाहिजे.

२०२४ च्या चैत्रात बादल पहिल्यांदा घाटात उतरणार होता. दोघे जुने सोबती आणि मामा, असा तिघांनी मिळून स्वतःचा गाडा जुळवला होता. चारांतले दोन बैल सोबत्यांचेच, एक उसना आणि एक बादल. नोंदणीचा अर्ज भरायला मी बसलो. ‘गाडामालकाचे नाव’ या ओळीवर पेन टेकवले आणि सवयीने मामाचे नाव लिहायला लागलो.

मामा म्हणाला, “थांब. तिचं लिही.”

दोघे सोबती हसले नाहीत. मामीच म्हणाली, “माजं कशाला? लोक हसतील.”

“हसू देत. त्या दिवशी तू हरण्याला सोडवून आणलंस तवा मी तोंड उघडलं न्हाई. आता उघडतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “पुरं नाव लिही. घाईनं लिहू नको.”

घाटात निवेदकाने कागद हातात घेतला, क्षणभर थांबला, डोळ्यांजवळ नेला आणि मग खणखणीत आवाजात मामीचे नाव पुकारले. गर्दीत कुणी शिट्टी मारली, कुणी टाळ्या वाजवल्या. मामी बांधावर नव्हती. जुंपण्याच्या जागी बादलच्या मानेवर हात ठेवून उभी होती. निशाण पडले. बारा सेकंदांच्या वर काही क्षण लागले. पहिला नंबर आला नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसात बरेच गाडे होते. वाटणी होऊन आमच्या वाट्याला २ हजार ३०० रुपये आले. मामीने त्यातले शंभर विहाराला दिले आणि बाकीच्याची पेंड आणली.

हा लेख लिहितो आहे असे सांगितल्यावर मी तिला विचारले, तुझे नाव घालू का? ती म्हणाली, “पेपरात नको. घाटात पुकारलं तेवढं बास.” म्हणून इथे नाव नाही.

पवन मावळात बेडसे इथे आपली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. अभ्यासवर्गाच्या मुलांना घेऊन मी तिथे दरवर्षी जातो. चैत्यगृहाच्या पुढच्या उंच खांबांवर घोडे, हत्ती, बैल कोरले आहेत आणि त्यांच्यावर स्वार बसले आहेत. एकटा पुरुष नाही, स्त्री आणि पुरुष जोडीने. मी कितीतरी वेळा ते दाखवले, पण त्यात काय पाहायचे ते मला गेल्या दोन वर्षांत कळले.

त्या रात्री घाटातून परतल्यावर मी हिशेबाची वही काढली. २३०० रुपये जमा लिहिले. मग सहज पहिले पान उघडले. हरण्या, मालक अमुक अमुक. ते नाव लिहायला मला कुणीच सांगितले नव्हते. तोडे मामीचे मोडले होते, शेण तिने काढले होते, रात्र रात्र गोठ्यात ती बसली होती, आणि सभा-संमेलनांत स्त्री-पुरुष समतेवर बोलणाऱ्या, हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले हे मुलांना शिकवणाऱ्या मी, न विचारता, मालक म्हणून मामाचे नाव लिहिले होते. भोंग्यावरच्या निवेदकाला मी इतकी वर्षे नावे ठेवत होतो. वहीतला निवेदक मीच होतो.

मी त्या ओळीत मामीचे नाव घातले. सोळा वर्षे उशीर झाला होता. वाचकांनी आपापल्या घरातले कागद एकदा काढून पाहावेत, घराचा उतारा, बँकेचे पुस्तक, असेल तर सातबारा. राबणाऱ्या दोघांपैकी कुणाचे नाव तिथे आहे आणि कुणाचे राहून गेले आहे, ते तपासावे. राहिले असेल तर लिहावे. पेन आपल्याच हातात असते.